हँडीकॅम कॉम्प्युटरला लागत नाही? ग्राहकाला परत पाठवू नका!



गंगापूर रोडचा बंगला असो, सिडकोतलं रो-हाऊस असो, नाहीतर निफाड-दिंडोरीकडचं मळ्यातलं घर असो. जुनं कपाट उघडलं की साड्यांच्या मागे एक पिशवी हमखास सापडते. तिच्यात लग्नाची, बारशाची, वास्तुशांतीची कॅसेट असते. कुणाकडे २००३ च्या कुंभमेळ्यात गोदाघाटावर घेतलेलं शूटिंग असतं. त्यात आजोबा चालता-बोलताना दिसतात, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही उरलेला नसतो.

मग घरातल्या कुणाला तरी एक दिवस ते आठवतं. तो कॅसेट आणि जुना हँडीकॅम घेऊन एमजी रोडला दोन-चार दुकानं फिरतो आणि बहुतेक ठिकाणी एकच उत्तर ऐकतो: "साहेब, हे आता होत नाही."

आता यात धंदा कुठे आहे ते बघा. "होत नाही" म्हणून परत पाठवलेल्या कामात बऱ्याचदा कॅसेट ठीक असते आणि कॅमेराही टेप फिरवत असतो. तुटलेला असतो तो फक्त कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्यामधला पूल. तो का तुटतो आणि तुटला तर पलीकडे कसं जायचं, हे ज्याला क्रमाने माहीत आहे त्याला हे काम मिळतं. आज आपण आधी काम समजून घेऊ, मग जबाबदारी, आणि शेवटी दर.

पहिली पायरी: हातात आलेली कॅसेट ओळखा

ग्राहक सगळ्यालाच "शूटिंगची कॅसेट" म्हणतो. तुम्हाला मात्र फरक कळलाच पाहिजे, कारण रस्ता त्यावर ठरतो.

पुस्तकाएवढी मोठी काळी कॅसेट म्हणजे व्हीएचएस. लग्नाचं जुनं शूटिंग बहुतेक यातच मिळतं. तिचीच छोटी बहीण व्हीएचएस-सी, ती अडॅप्टरमध्ये घालून व्हीसीआरमध्ये चालते. ऑडिओ कॅसेटएवढी पण जाड असेल तर ती ८ मिलिमीटरची, म्हणजे व्हिडिओ-८, हाय-८ किंवा डिजिटल-८. आणि काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, चपटी असेल तर मिनी डीव्ही. त्याच मिनी डीव्ही कॅसेटवर पुढे एचडीव्ही नावाचं हाय डेफिनिशन शूटिंगही व्हायचं. दिसायला कॅसेट सारखीच, आतलं रेकॉर्डिंग वेगळं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

सगळ्यात मोठा फरक कुठला? व्हीएचएस, व्हिडिओ-८ आणि हाय-८ ही ॲनालॉग रेकॉर्डिंग आहेत. मिनी डीव्ही, डिजिटल-८ आणि एचडीव्ही ही डिजिटल आहेत. डिजिटल कॅसेटवर चित्र आकड्यांच्या रूपात आधीच साठवलेलं असतं. योग्य वायरने ते जसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये उतरतं. कॅसेट आणि हेड चांगल्या स्थितीत असतील तर दर्जा कणभरही कमी होत नाही. म्हणून मिनी डीव्हीच्या बाबतीत तो पूल दुरुस्त करण्यासाठी धडपड करायला अर्थ आहे.

पूल का तुटतो?

मिनी डीव्ही १९९५ मध्ये आली. तिचा डेटा कॉम्प्युटरमध्ये नेण्यासाठी जी वायर वापरतात तिचं नाव फायरवायर. सोनीने तिला आय-लिंक म्हटलं, काही कॅमेऱ्यांवर नुसतं डीव्ही लिहिलेलं असतं. तिन्ही एकच.

आता गंमत बघा. याच कॅमेऱ्यावर बऱ्याचदा यूएसबीचं तोंडही असतं. ग्राहक यूएसबी लावतो, काही दिसत नाही, आणि कॅमेरा बिघडला असं समजतो. खरं तर बहुतेक मिनी डीव्ही कॅमेऱ्यांमध्ये ते यूएसबी मेमरी कार्डवरचे फोटो काढण्यासाठी किंवा वेबकॅमसारखं कमी दर्जाचं चित्र दाखवण्यासाठी दिलेलं होतं. टेपवरचा पूर्ण व्हिडिओ त्यातून येत नाही. म्हणजे अर्ध्या तक्रारी चुकीच्या भोकात वायर घातल्याच्या असतात!

दुसरं कारण कॉम्प्युटर. आजच्या लॅपटॉपला फायरवायरचं तोंडच नसतं. ॲपलने आपल्या मशीनवरून ते कधीच काढलं, आणि २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस टाहोमध्ये तर आतला आधारही काढून टाकला. विंडोजमध्ये काम होतं, पण कार्ड आणि ड्रायव्हर जुळवावे लागतात.

तिसरं कारण खरा बिघाड. चालू कॅमेऱ्यात वायर घातली-काढली, किंवा कॉम्प्युटरच्या बाजूचा सहा पिनचा प्लग उलटा दाबून बसवला, तर कॅमेऱ्याचा फायरवायर भाग जळू शकतो. मग कॅमेरा टेप वाजवतो, स्क्रीनवर चित्र दाखवतो, पण कॉम्प्युटरला ओळख देत नाही.

"जळलंय" म्हणण्याआधी हा क्रम पाळा

हा क्रम कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. क्रम सोडून उड्या मारल्या की तास वाया जातात.

१. कॅमेरा अडॅप्टरवर लावा. जुन्या बॅटरीवर ट्रान्सफर करू नका, मध्येच बंद पडतो.

२. कॅमेरा रेकॉर्डिंगच्या नाही, प्लेच्या मोडवर ठेवा. काहींवर प्ले लिहिलेलं असतं, काहींवर व्हीसीआर, काहींवर व्हीटीआर.

३. आधी ग्राहकाची नाही, तुमची स्वतःची चाचणीची कॅसेट घालून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघा. चित्र स्वच्छ आहे का? चौकोनी ठिपके येत असतील तर हेड मळलेलं आहे. कोरडी क्लीनिंग कॅसेट तिच्यावर लिहिलेल्या सेकंदांइतकीच चालवा, त्यापेक्षा जास्त नाही.

४. दोन्ही बाजू बंद करून फायरवायर वायर लावा, मग चालू करा. कॅमेऱ्याकडे छोटी चार पिनची बाजू, कॉम्प्युटरकडे बहुतेक सहा पिनची. वायर बदलूनही बघा. आणि एका टोकाला फायरवायर, दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी जी स्वस्त वायर ऑनलाइन मिळते ती घेऊ नका. दोन्हींची भाषा वेगळी आहे, नुसता आकार बदलून डीव्ही व्हिडिओ येत नाही.

५. जुना डेस्कटॉप घ्या, त्यात पीसीआय एक्सप्रेस फायरवायर कार्ड बसवा. विंडोज १० वर कॅमेरा दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन १३९४ कार्डाचा लेगसी ड्रायव्हर निवडून बघा. खूप वेळा इथेच काम होऊन जातं.

६. कॅमेरा एचडीव्हीचा असेल तर मेनू उघडा. एचडीव्ही की डीव्ही, आणि आय-लिंक कन्व्हर्ट चालू की बंद, या दोन सेटिंगमुळे चांगला कॅमेराही कॉम्प्युटरला अनोळखी वाटतो. सेटिंग बदलताना वायर काढून ठेवा.

७. आता त्याच वायरने, त्याच कॉम्प्युटरला दुसरा कॅमेरा लावा. दुसरा दिसला आणि पहिला दिसत नसेल तर निदान पक्कं: पहिल्या कॅमेऱ्याचं फायरवायर गेलं.

एवढं झाल्यावरच ग्राहकाशी बोला. आणि तेव्हाही "होत नाही" म्हणू नका. म्हणा, "या कॅमेऱ्याची वायरची बाजू गेली आहे. तुमची कॅसेट ठीक आहे. तीन रस्ते आहेत."

तीन रस्ते, आणि प्रत्येकात काय गमावतं

पहिला रस्ता: कॅसेट तीच, कॅमेरा दुसरा. हा सगळ्यात चांगला. रेकॉर्डिंग टेपवर आहे, कॅमेऱ्यात नाही. चालू फायरवायर असलेल्या दुसऱ्या मिनी डीव्ही कॅमेऱ्यात किंवा डेकमध्ये ती वाजवा, पूर्ण दर्जा मिळतो. शूटिंग कुठल्या तारखेला, किती वाजता झालं ही टेपवरची माहितीही सोबत येते. विंडोजवर विनडीव्हीसारखं छोटं मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

एक अपवाद आहे. जास्त वेळ मावावा म्हणून लोक एलपी मोडमध्ये शूटिंग करायचे. साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं. अशी कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा अडखळते, आवाज तुटतो. तिला तिचाच मूळ कॅमेरा लागतो. म्हणून ग्राहक कॅसेट आणेल तेव्हा "कॅमेरा आहे का? बंद असला तरी आणा" हे सांगायला विसरू नका.

८ मिलिमीटरच्या कॅसेटसाठीही एक युक्ती आहे. सोनीचे काही डिजिटल-८ कॅमेरे जुन्या व्हिडिओ-८ आणि हाय-८ कॅसेटही वाजवतात आणि फायरवायरमधून डिजिटल करून देतात. सगळी मॉडेल हे करत नाहीत. घेण्याआधी हाय-८ कॅसेट सोबत नेऊन तपासा.

दुसरा रस्ता: एव्ही वायर आणि कॅप्चर कार्ड. दुसरा कॅमेरा मिळत नसेल किंवा एलपी कॅसेट मूळ कॅमेऱ्यावरच चालत असेल, तर टीव्हीला जोडायची ती पिवळी-पांढरी-लाल पिनची वायर काढा. कॅमेऱ्याला एस-व्हिडिओ असेल तर चित्रासाठी तीच वापरा, पिवळ्या पिनपेक्षा स्वच्छ येतं. दुसरं टोक यूएसबी कॅप्चर कार्डात, आणि कॉम्प्युटरवर ओबीएससारखं सॉफ्टवेअर. काही एचडीव्ही कॅमेऱ्यांना एचडीएमआय असतं, तिथे एचडीएमआय कॅप्चर कार्ड लावा. आणि व्हीएचएस कॅसेटसाठी नेहमीचा रस्ता हाच, व्हीसीआरपासून कॅप्चर कार्डपर्यंत.

इथे काय गमावतं? डिजिटल चित्र आधी ॲनालॉग होतं, मग पुन्हा डिजिटल. थोडा दर्जा जातो आणि टेपवरची तारीख-वेळेची माहिती फाइलमध्ये येत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तारीख बघून वहीत लिहून घ्या आणि फाइलच्या नावात घाला.

या रस्त्यावरचे तीन खड्डे आत्ताच सांगून ठेवतो.

एक, कॅमेऱ्याच्या मेनूत डिस्प्ले फक्त एलसीडीवर ठेवा. नाहीतर बॅटरीची खूण आणि काउंटर व्हिडिओवर कायमचे छापले जातात.

दोन, चित्राऐवजी नुसता घुर्र आवाज येत असेल तर वायर खराब समजू नका. या वायरींची जोडणी कंपनीप्रमाणे बदलते. पिवळ्याच्या जागी लाल पिन लावून बघा, चित्र तिथे सापडू शकतं.

तीन, सॉफ्टवेअरमध्ये पाल निवडा. आपल्याकडचं शूटिंग पाल असतं, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. आणि जुनं चार-बाय-तीनचं चित्र ताणून आजच्या रुंद टीव्हीएवढं करू नका. नवरी जाडी दिसली की घरचे पैसे द्यायच्या आधी भांडतील!

तिसरा रस्ता: मध्ये एक मध्यस्थ कॅमेरा. काही मिनी डीव्ही आणि डिजिटल-८ कॅमेऱ्यांना एव्ही-इन असतं, म्हणजे ते बाहेरून आलेलं चित्र घेतात. बिघडलेल्या कॅमेऱ्याची एव्ही वायर यात, आणि याची फायरवायर कॉम्प्युटरमध्ये. मधला कॅमेरा दुभाष्यासारखं काम करतो. काही मॉडेल हे थेट करतात. इतरांमध्ये आधी कोऱ्या कॅसेटवर रेकॉर्ड करून मग उतरवावं लागतं. दर्जा जवळपास दुसऱ्या रस्त्याएवढाच, पण स्वस्त कॅप्चर कार्ड जिथे चित्र आणि आवाज मागेपुढे करतं तिथे हा रस्ता स्थिर चालतो. व्हीएचएससाठीही चालतो.

आणि चौथा रस्ता, जो काही लोक करतात: टीव्हीवर कॅसेट लावून मोबाइलने शूट करणं. हे करून कुणाकडून पैसे घेऊ नका. त्या ग्राहकाचा विश्वास गेला की त्याच्या ओळखीतली दहा घरंही गेली.

मशीनपेक्षा मोठी गोष्ट: ती एकच प्रत आहे

आता जरा थांबा. किराणा दुकानात साखरेचं पोतं फुटलं तर दुसरं आणता येतं. इथे तुमच्या हातात जे आहे त्याची दुसरी प्रत नाही.

आपण नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. कंपनी त्यांनी नाशिकला चालवली, १९४४ मध्ये त्यांचं निधनही इथेच झालं. त्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची पूर्ण प्रत आज उपलब्ध नाही, फक्त काही भाग उरला आहे. एवढ्या मोठ्या माणसाच्या एवढ्या मोठ्या कामाचं हे झालं. मग निफाडच्या एका घरातल्या बारशाच्या कॅसेटची काळजी कोण घेणार? तुम्ही. त्या दिवसापुरते तरी तुम्हीच.

म्हणून हे नियम.

कॅसेट हातात आली की पहिलं काम, तिच्यावर चुकून रेकॉर्डिंग होणार नाही असं करा. मिनी डीव्हीवर छोटी सरकपट्टी असते, ती सेव्हकडे सरकवा. व्हीएचएसची मागची पट्टी तोडलेली नसेल तर ग्राहकाला विचारून तोडा.

दुसरं, कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून बघा. नाशिकचा पावसाळा आणि बंद कपाट एकत्र आले की टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. बुरशी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका. टेप खराब होतेच, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या ग्राहकाच्या कॅसेटवर जाते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि स्पष्ट सांगा, "हे साफसफाईचं वेगळं काम आहे, मी आत्ता घेत नाही." नाही म्हणणंही सेवाच आहे.

तिसरं, पावसाळ्यात थंड एसी खोलीतून बाहेर काढलेला कॅमेरा लगेच चालू करू नका. आत दव धरतं आणि टेप ड्रमला चिकटते. कॅमेऱ्याने ओलाव्याची खूण दाखवली तर जबरदस्ती नको, कोरडं होऊ द्या.

चौथं, वर्षानुवर्षं पडून असलेली चांगली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. टेपचा ताण सारखा होतो. मग एकाच दमात उतरवा. पुन्हा पुन्हा मागेपुढे करत बसू नका.

पाचवं, कॅसेट ग्राहकाच्या हातात परत जाईपर्यंत आणि त्याने घरी फाइल बघेपर्यंत तुमच्याकडची प्रत पुसू नका. मग त्याला सांगून पुसा. घरगुती शूटिंग आहे, कुणाला दाखवायचं नाही, जाहिरातीत वापरायचं नाही. हे पावतीवर छापाच.

पावतीवर अजून एक ओळ हवी: कॅसेट जुनी आहे, वाजवताना तुटू शकते, याची ग्राहकाला कल्पना दिली आहे. सही घ्या. सही घेताना लाजू नका, उलट ग्राहकाला कळतं की हा माणूस विचार करून काम करतो.

आणि सिनेमाच्या विकतच्या कॅसेटच्या प्रती काढून देऊ नका. ते कॉपीराइटचं उल्लंघन होतं. पैसे देऊन करून घेतलेल्या घरच्या शूटिंगचं तसं नाही. वेगळा करार नसेल तर कायद्याने त्याचा पहिला मालक ज्याने ते करून घेतलं तोच असतो.

आता हिशोब: दर कसा ठरवायचा?

इथे नवे लोक फसतात. टेप पळवता येत नाही. एक तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो. तपासणी, फिरवणं, फाइल तयार करणं धरून मशीन जवळपास दोन तास अडकतं. तुमचा स्वतःचा हात मात्र साधारण पाऊण तास लागतो, बाकी वेळ टेप आपली चालू असते.

एका तासाच्या मिनी डीव्हीची फाइल मूळ दर्जात साधारण १३ जीबी होते. ही मूळ प्रत म्हणून द्या, आणि मोबाइल-टीव्हीसाठी दोन-अडीच जीबीची एमपी-४ वेगळी करून द्या. दोन्ही का? एमपी-४ बघायला सोपी, पण उद्या एडिटिंग करायचं झालं तर मूळच लागते. पेनड्राइव्ह ग्राहकाचा घ्या किंवा त्याचे पैसे वेगळे लावा.

आता उदाहरण. आकडे समजून घेण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा तुमच्या एका तासाची किंमत २०० रुपये. पाऊण तासाचे झाले १५०. वीज आणि साठवण २० रुपये. पुन्हा करावं लागलं तर, म्हणून ३० रुपये. मशीनच्या झिजेसाठी ५० रुपये. एकूण २५० रुपये कॅसेट.

समजा सेकंडहँड कॅमेरा, कार्ड, वायरी आणि हार्ड डिस्क मिळून २५,००० रुपये गेले. बरेच जण म्हणतील, २५० ने भागा, १०० कॅसेटमध्ये पैसे वसूल! चूक. त्या २५० मध्ये १५० तुमची मजुरी आहे. मशीनच्या वाट्याला फक्त ५० आलेत. म्हणजे वसुलीला ५०० कॅसेट लागतील. दर ३५० केला आणि वाढीव १०० मशीनकडे टाकले, तर १६७ कॅसेटमध्ये वसूल होतात. बघा, शंभर रुपयांनी ५०० चे १६७ झाले. स्वस्त दर लावून धंदा मोठा होत नाही, मशीन लवकर संपतं.

तपासणीचे पैसे वेगळे घ्या, थोडे का होईना. काम मिळालं तर ते बिलात वळते करा. तुमचं निदान हेच तुमचं कौशल्य आहे, ते फुकट वाटू नका. आणि कुठल्या रस्त्याने काम केलं ते बिलावर लिहा: "फायरवायर, मूळ दर्जा" किंवा "एव्ही वायरने कॅप्चर". दुसऱ्या रस्त्याने केलेलं काम पहिल्या रस्त्याचं म्हणून विकायचं नाही.

२५,००० नसतील तर?

तर मशीन विकत घेऊ नका, माणसं शोधा. तुमच्या भागातल्या जुन्या लग्न-शूटिंगवाल्यांकडे जा. त्यांच्या कपाटात डीव्ही कॅमेरे, डेक, व्हीसीआर पडून असण्याची शक्यता खूप आहे, त्यांना आता डीएसएलआर आणि ड्रोनची कामं असतात. त्यांना म्हणा, "मशीन तुमचं, मेहनत माझी, कॅसेटमागे वाटा ठरवू." शिवाय त्यांच्या जुन्या ग्राहकांची वही हीच तुमची पहिली यादी.

साधनं कमी म्हणून अडून बसायचं नसतं, हे आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावने दाखवलंय. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' केला आणि गावाने तो डोक्यावर घेतला. त्या गावाच्या सिनेमावेडावर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. मोठा स्टुडिओ नव्हता, जे हातात होतं त्यातून रस्ता काढला. आपलं काम त्यापेक्षा खूप सोपं आहे.

ग्राहक कुठे आहेत?

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस हे सगळ्यात मोठं निमित्त. २००० च्या आसपास लग्न झालेली जोडपी आता तिथे पोचत आहेत, आणि त्यांचं शूटिंग टेपवरच आहे. केटरर, हॉलवाले आणि फोटो स्टुडिओ यांना तुमचं कार्ड द्या.

शाळा, गणेश मंडळं, नाट्यसंस्था, व्याख्यानमाला चालवणारी मंडळं यांच्याकडे जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट असू शकतात. पदाधिकाऱ्यांना भेटा, एक कॅसेट नमुना म्हणून करून द्या. २०२७ चा कुंभमेळा जवळ येतोय, मागच्या कुंभाचं घरचं शूटिंग बघावंसं वाटण्याची ही वेळ आहे.

परदेशात नातेवाईक असलेली घरंही विसरू नका. अमेरिकेतून आलेली कॅसेट एनटीएससी असते, आपल्याकडचे साधे पाल कॅमेरे आणि व्हीसीआर ती बऱ्याचदा नीट दाखवत नाहीत. एनटीएससी चालवणारं एखादं मशीन तुमच्याकडे असेल तर ते काम दुसऱ्याकडे जाणार नाही.

एक खरी गोष्ट सांगतो. हा धंदा आयुष्यभराचा नाही. व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची मोठी कंपनी, फुनाई, हिने २०१६ मध्येच उत्पादन थांबवलं. नवी मशीन येणार नाहीत, कॅसेटही दरवर्षी थोड्या खराब होत जाणार. म्हणून याला धंद्याचं दार समजा. कॅसेटसाठी आलेल्या घरात जुने फोटो स्कॅन करायचे असतात, वाढदिवसाची फिल्म एडिट करून हवी असते. आत शिरायला कॅसेट, पुढे टिकायला बाकीची कामं.

या आठवड्याचा गृहपाठ

स्वतःच्या घरातली किंवा नातेवाइकांकडची एक कॅसेट शोधा. ती कुठल्या प्रकारची आहे ते ओळखा. ओळखीतल्या एका शूटिंगवाल्याकडे जाऊन त्याचं बंद पडलेलं मशीन बघा, वर दिलेला सात पायऱ्यांचा क्रम त्यावर चालवा आणि प्रत्येक पायरीला काय झालं ते वहीत लिहा. मग एक कॅसेट उतरवून घरच्यांना दाखवा. पहिल्या ग्राहकाकडून पैसे घ्यायचे ते यानंतरच.

कामाला लागा. पुढच्या वेळी याच सेवेची पावती आणि दरपत्रक कसं बनवायचं ते बघू.